दोघांची हाफ मॅरेथॉन: शनिवार-रविवारात, बेळगावात

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. अडीच-तीन महिने नेटाने पळणाऱ्या धडधाकट माणसाला हे अंतर झेपतं. बिघडतं ते शनिवारी. मित्र लांबून आलेला असतो, त्याला बेळगाव दाखवायचं असतं. मग किल्ला, कॅम्प, बाजारपेठ, रात्री खानावळीत मटण आणि गच्चीवर दीड-दोनपर्यंत गप्पा. पहाटे पाचला दोघेही सुजलेल्या डोळ्यांनी मोजे शोधत असतात. दोघांच्या सहलीत पळणं बसवायचं तर आधी शनिवार ताब्यात घ्यावा लागतो आणि मित्राशी काही गोष्टी स्पष्ट बोलून ठेवाव्या लागतात. बाकीचं पायांचं काम.

तुमच्यापैकी एक बेळगाव, खानापूर, निपाणी अशा इकडच्या भागातला आहे आणि दुसरा पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून येतोय, असं मी धरून चाललोय. दोघेही पाहुणे असाल तरी फारसं बदलत नाही, फक्त पाणी घेऊन स्कूटरवर येणारा भाचा मिळत नाही.

स्पर्धा की आपली आपण?

थंडीत या भागात पळण्याच्या स्पर्धा होतात. त्यात बंदोबस्त असतो, पाण्याची टेबलं असतात, पदक मिळतं. नाव नोंदवण्याआधी त्यात २१ किलोमीटरचा गट आहे का, एवढं पाहून घ्या. बऱ्याच ठिकाणी ५ आणि १० वरच थांबतं. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शनिवारीच ताब्यात घ्यायचा, रविवारी पहाटेच्या रांगेवर विसंबायचं नाही.

माझं मत विचाराल तर दोघांच्या पहिल्या हाफला आपला आपण आखलेला रस्ता बरा. स्पर्धेत सुरुवातीच्या गर्दीबरोबर पाय आपोआप पळत सुटतात आणि मित्र तिसऱ्याच किलोमीटरला दिसेनासा होतो. मग एकत्र आलात कशाला? पुढचं सगळं आपल्या आपण पळणाऱ्यांसाठी लिहितोय, पण बराचसा भाग स्पर्धेलाही लागू पडेल.

तारीख

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. जानेवारीत पहाटे पारा १४ अंशांच्या आसपास असतो. घराबाहेर पडताना हुडहुडी भरते आणि दुसऱ्या किलोमीटरला बरं वाटायला लागतं. लांब पळायला याहून चांगली हवा नाही. मार्च-एप्रिलमध्ये आठ वाजताच ऊन चढतं. पावसाळ्यात बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तर, धो धो म्हणजे काय ते कळतं. तेव्हा घाट बघायला या, हाफ पळायला येऊ नका.

इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण पाहुण्याच्या लक्षात येत नाही अशा दोन गोष्टी. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आसपास शहरात मिरवणुका, फेऱ्या आणि पोलीस बंदोबस्त असतो. तो आठवडा सोडा. सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं, बहुधा डिसेंबरात, की लॉज भरलेले असतात, रस्त्यांवर बॅरिकेड असतात आणि कधी कधी कोल्हापूर-बेळगाव एसटीही बंद पडते. अधिवेशनाच्या तारखा बघूनच तिकीट काढा. लग्नसराईतल्या शनिवारीही खोली आधी बुक केलेली बरी.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. गोव्याकडचे मित्र विचारतात, दम लागेल का? एवढ्या उंचीचा दमावर जाणवण्यासारखा परिणाम होत नाही. दम लागतो तो चढांमुळे, आणि ते इथे आहेत.

तयारी दोन गावांत, वेळापत्रक एक

थांबत-चालत का होईना, पाच-सहा किलोमीटर पळता येत असेल तर बारा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन दिवस पळायचं: दोन दिवस ४०-४५ मिनिटं आणि रविवारी लांब. रविवारचं अंतर हळूहळू वाढवत न्या. सहाव्या आठवड्यात १०, आठव्यात १३, दहाव्यात १७ किलोमीटर. मधे एखाद्या आठवड्याला थोडं कमी करा, अंगाला भरून यायला वेळ मिळतो. अकराव्या आठवड्यात १२ आणि बाराव्याचा रविवार म्हणजे आपली हाफ. आधी २१ पळून बघायची गरज नाही. १७ जमले की उरलेले चार त्या दिवशी निघतात.

दोघांनी रविवारी एकाच वेळी पळायला सुरुवात करावी, तो तिकडे आणि तुम्ही इकडे. संपल्यावर फोन करून एवढंच विचारायचं, "शेवटच्या दोन किलोमीटरला बोलता आलं असतं का?" उत्तर 'नाही' आलं तर तो त्याच्या बेतापेक्षा जोरात पळतोय. मित्र मुंबईसारख्या सपाट भागातला असेल तर आठवड्यातून एकदा त्याला उड्डाणपूल चढा-उतरायला लावा. चढात दम जातो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर, आणि उताराची सवय उतारावर पळूनच होते.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, छातीत कधी दुखलं असेल, तर बेत ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा. आणि शेवटच्या आठवड्यात ताप आला तर हाफ रद्द. तापात किंवा तापातून उठल्या उठल्या जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी तिकीट वाया गेलं तरी चालेल. मित्र येऊ दे, कुंदा खा, गप्पा मारा.

बोलून ठेवायच्या गोष्टी

हा भाग लोक टाळतात, कारण मैत्रीत अटी घालायचा संकोच वाटतो. मग सोळाव्या किलोमीटरला एकाचा पाय आखडतो, दुसरा "तू ये सावकाश" म्हणून पुढे जातो आणि पुढचे सहा महिने त्याचा उल्लेख टोमण्यांत येत राहतो.

वेग दोघांतल्या हळू पळणाऱ्याचा. त्याचा आरामाचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं असेल तर दोघांनीही साडेसात. त्या हिशोबाने हाफ २ तास ३८ मिनिटांत होते. सात मिनिटांनी २ तास २७-२८, आठ मिनिटांनी २ तास ४९. वेगवान मित्राला हा वेग कंटाळवाणा वाटणार, त्याला तसं आधीच सांगा. त्याला स्वतःची वेळ काढायची असेल तर ती दुसऱ्या कुठल्या तरी रविवारी.

आता एक बारीक गोष्ट, पण हिनेच जोड्या मोडतात. वेगवान माणूस हळू पळत असला तरी नकळत अर्धं पाऊल पुढे असतो. त्याचा खांदा सारखा डोळ्यासमोर दिसत राहतो, मागचा ते अर्धं पाऊल भरून काढायला जरा रेटतो, पुढचा त्याबरोबर आणखी सरकतो. दोघांपैकी कोणीच वेग वाढवायचं ठरवलेलं नसतं, तरी पाच किलोमीटरमध्ये किलोमीटरमागे वीस सेकंद कमी झालेले असतात. उपाय सोपा आहे: वेगवान माणसाने अर्धं पाऊल मागे राहायचं. रस्ता अरुंद असेल आणि ओळीने पळावं लागलं तर पुढे हळू माणूसच.

एकत्र कुठपर्यंत, तेही ठरवा. मला पंधरा-सोळा किलोमीटर योग्य वाटतात. तिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. दोघेही ठीक असतील आणि एकाला पुढे जायचं असेल तर जाऊ द्यावं, मनात काही न ठेवता. एकाचं बिनसलं असेल तर दुसरा थांबणार, आणि हे शनिवारीच ठरलेलं असणार. चक्कर, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं तर तिथेच बसायचं, ११२ किंवा १०८ लावायचा. थोडे सुटे पैसे आणि फोन प्रत्येकाच्या खिशात वेगळे असावेत. "माझ्याकडे आहे की" हे वाक्य दोघे वेगळे झाल्यावर उपयोगाचं नसतं.

चालण्याची लाज सोडायची, हेही त्यातच. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पळालेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ही रीत लोकप्रिय केली. दमल्यावर चालणं आणि दमायच्या आधी चालणं यात फार फरक आहे. दमायच्या आधी चाललात तर शेवटचे पाच किलोमीटर वाचतात.

रस्ता

बेळगावात सकाळी पळणारे बहुतेक टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर भेटतात. एकेकाळी इथे देवीची लस तयार होत असे. आता मोठी झाडं, मऊ माती आणि फिरायला आलेली मंडळी. शुक्रवारी-शनिवारी पाय मोकळे करायला उत्तम जागा. २१ किलोमीटर मात्र इथे फेऱ्या मारून करू नका, जीव विटतो. काँग्रेस रोड सरळ आणि रुंद आहे, पण त्याच्या कडेने रूळ. रस्ता आखताना पहिलं किंवा दुसरं गेट ओलांडावं लागेल असं ठेवू नका. ऐन लयीत असताना फाटक पडलं की मालगाडी जाईपर्यंत उभं राहायचं, आणि गार वाऱ्यात पोटऱ्या आवळून येतात.

राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि खानापूर रोडचा उद्यमबागकडचा पट्टा पूर्ण वर्ज्य. वडगावहून येळ्ळूरकडे जाणारा रस्ता शिवारातून जातो, बेळगाव बासमतीचं नाव झालं तो हा पट्टा, आणि समोर राजहंसगड दिसत राहतो. दहा-बारा किलोमीटरच्या सरावाला तो मला आवडतो. गडावर मात्र हाफच्या आठवड्यात चढू नका.

हाफसाठी माझी पसंती वेंगुर्ला रोडला. हिंडलगा गणपतीपाशी सुरुवात करायची, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा असं पश्चिमेला जात राहायचं आणि त्याच वाटेने परत. घड्याळात १०.५५ किलोमीटर दिसले की वळा, गाव कुठलं आलं ते बघत बसू नका. शिनोळीपर्यंत जाऊन महाराष्ट्रात पाय टाकून यायचा मोह प्रत्येक पाहुण्याला होतो. तो मोह संध्याकाळी गाडीने पुरा करावा. या रस्त्याला सतत चढ-उतार आहेत, म्हणून जाताना घड्याळ बघून वेग राखण्यापेक्षा बोलता येतंय ना, एवढंच बघा. चढावर पावलं लहान, उतारावर ब्रेक लावल्यासारखं टाचांवर आदळत येऊ नका.

कॅम्पातले रस्ते सावलीचे आणि सुंदर आहेत, सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर तिथे घेता येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. लष्करी हद्दीत फोटो काढायचे नाहीत, पहारेकऱ्याने अडवलं तर वाद न घालता वळायचं. आणि जवानांची एखादी तुकडी शेजारून पळत गेली तर छाती पुढे काढून त्यांच्या मागे लागू नका. त्यांचं ते रोजचं काम आहे.

थंडी म्हणजे उसाचा गळीत हंगाम. जिल्ह्यात कुठेही पळा, निपाणी-संकेश्वर-चिकोडीकडे तर जास्तच, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात भेटतात. समोरून येतो तो गाण्यांच्या आवाजाने कळतो. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, कानात काही घालू नका. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांकडे लक्ष ठेवा. कांडीवर पाय पडला की ती टायरखाली होते तशी चपटी न होता गोल फिरते आणि घोटा मुरगळतो.

कुत्री भुंकली तर पळणं थांबवून चाला, नजर न भिडवता. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. माणसं काही करत नाहीत, फक्त विचारतात. "काय गा, कुठं पळूलालासा? बस चुकली काय?" हात वर करून हसा आणि पुढे चला.

शनिवार

पाहुण्याने शुक्रवारी रात्रीच निघून शनिवारी सकाळी पोचावं. पुण्याहून रस्त्याने साधारण ३४० किलोमीटर, कोल्हापूरहून ११०. गोव्याहून चोर्ला घाट. पोचल्यावर तासभर झोप, मग वीस मिनिटं अगदी हलकं पळणं, प्रवासात आखडलेलं अंग सुटतं. पळण्याआधीच्या रात्री झोप नीट लागत नाहीच, उत्सुकतेने. म्हणून आदल्याच्या आदल्या रात्रीची झोप खरी. रात्रभर बसमध्ये बसून येणार असाल तर गुरुवारी लवकर झोपा.

दुपारचं जेवण पोटभर करा, तेच मुख्य. भात, आमटी, चपाती, सोबत उकडलेली रताळी. बेळगाव-खानापूरच्या पश्चिम भागातली रताळी पळणाऱ्याला फार उपयोगाची आहेत, पण ती दुपारीच. रात्री खाल्ली तर पहाटे पोट आपलं वेळापत्रक लावतं. बाजारात फिरायचंच असेल तर तासाभराचं ठेवा. किल्ल्यातली कमल बस्ती बघून घ्या, सपाट चालणं आहे.

रात्री साडेसातला जेवण: भात, वरण, दही, संपलं. मिसळ, तांबडा-पांढरा, तळलेलं, कच्ची कोशिंबीर, दारू, हे सगळं रविवारी दुपारनंतर. कुंदाही. खवा आणि साखरेचा तो ऐवज चवीला कितीही जवळचा असला तरी पहाटे पोटात दगडासारखा बसतो. मित्राला रात्री नऊला निरोप द्यायचा, एकाच खोलीत झोपणार असाल तरीही.

झोपण्याआधी कपडे खुर्चीवर मांडून ठेवा. सगळं जुनं आणि वापरलेलं. नवे बूट, नवे मोजे, नवी शॉर्ट, एकही नको. पायाची नखं दोन-तीन दिवस आधीच सरळ कापलेली असावीत. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि पुरुषांनी छातीवर व्हॅसलिन लावायचं. न लावल्याची फळं नंतर आंघोळीला पाणी अंगावर पडताच कळतात.

पाण्याची सोय शनिवारीच. भाचा किंवा पुतण्या स्कूटरवर येणार असेल तर त्याला नेमकं सांगा: पाचव्या, दहाव्या, पंधराव्या किलोमीटरला थांबायचं, शेजारून गाडी चालवत सोबत यायचं नाही. कोणी नसेल तर अर्ध्या लिटरची बाटली हातात आणि वाटेतली दुकानं. रविवारी सहाला सगळीच उघडी नसतात, म्हणून संध्याकाळी एकदा गाडीने रस्ता बघून या.

रविवार

जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला पळायला लागलात तर अंधार थोडाच उरतो आणि ऊन तापायच्या आत संपतं. पावणेपाचला उठा. चहा किंवा कॉफी रोज घेत असाल तर घ्या. केळं, ब्रेड-जॅम किंवा थोडा उपमा पळण्याआधी दीड तास. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेणारे आहेत. तसं करू नका, घाम गाळताना मूत्रपिंडांवर ताण येतो.

पहिले तीन किलोमीटर हास्यास्पद वाटावेत इतके सावकाश. मग ठरलेला वेग. मग ठरलेला वेग. पाणी तहान लागेल तसं, घोटाघोटाने. भीतीपोटी घटाघटा पिऊ नये, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते कमी पाण्याइतकंच वाईट. ओआरएसचं पाकीट फोडाल तर अख्खं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं-मुर्धं अंदाजाने नको. पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड: खजूर, आलेपाकाची वडी, गुळाचा खडा. सरावात जे पचलं तेच.

दहाव्या किलोमीटरपर्यंत गप्पा चालतात. बारा ते सोळा शांतता असते, ती भांडण समजू नका. सतरापासून प्रत्येक चढ कालपेक्षा मोठा झालेला असतो. इथे अंतर मोजणं सोडून पुढचा विजेचा खांब, मग पुढचा, असं जायचं. हळू असलेल्या मित्राला "थोडंच राहिलं" म्हणू नका, त्याच्याकडेही घड्याळ आहे. शेजारी राहा, पाणी पुढे करा.

पळून झाल्यावर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे बदला, थंडीत घाम अंगावर वाळला की कापरं भरतं. अर्ध्या-पाऊण तासात पोटात काही जाऊ द्या: मीठ घातलेलं ताक, इडली, अंडी, जे मिळेल ते. दुपारी आता मटण, मांडे, कुंदा, तुमचं तुम्ही बघा. गोकाकचा धबधबा मात्र त्याच दिवशी नको. तिथे पाणी खरं पावसाळ्यातच असतं आणि पायऱ्या उतरायची तुमची तयारी नसेल.

पाहुण्याने स्वतः गाडी चालवत परत जाऊ नये. जेवणानंतर झापड येते आणि क्लच दाबताना पोटरीत गोळा येतो. रेल्वे किंवा बस घ्यावी, मधे उठून फिरावं. गाडी आणलीच असेल तर एक झोप काढून संध्याकाळी निघावं आणि निपाणीला थांबावं.

पाय सर्वांत जास्त दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यातही जिना उतरताना. हे नेहमीचं आहे, चालत राहिल्याने उतरतं. एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखत असेल, सूज असेल किंवा लंगडावं लागत असेल तर ते वेगळं, डॉक्टरांना दाखवा. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी जा. बाकी आठवडाभर पळायचं नाही, चालायचं. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर उपटायला जाऊ नका, नवीन नख खालून येऊन ते आपोआप सुटतं, दोन-चार महिने लागतात.